आधी सांगा, मग टोचा



कोविडची साथ ओसरून काही वर्षे झाली. मास्क गेले, सॅनिटायझरच्या बाटल्या गेल्या, पण त्या काळात सुरू झालेला एक वाद अजून वस्तीतून गेलेला नाही. लसीची सक्ती असावी की नसावी, हा तो वाद. मोठ्या शहरांत तो इंग्रजीत चालतो आणि त्याला 'मेडिकल फ्रीडम' म्हणजे वैद्यकीय स्वातंत्र्य असे भारदस्त नाव आहे. आपल्या सुपे परिसरात तो व्हॉट्सॲपवरून येतो आणि एकाच वाक्यात येतो: "सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, लस घ्यायची गरज नाही."

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षे वॉर्डात काढली आणि मग चळवळीत आलो. आजही वस्त्यांवर फिरतो तेव्हा हे वाक्य दारातच ऐकायला मिळते. आणि ज्या घरात ते ऐकायला मिळते तिथे प्रश्न कोविडच्या लसीचा नसतोच. नऊ महिन्यांच्या बाळाला गोवर-रुबेलाची लस द्यायची असते. आशाताई दोनदा निरोप देऊन गेलेली असते. बाळाची आई तयार असते. तेवढ्यात घरातले कुणी मोबाईल पुढे करते, "ताई, हे वाचा, कोर्टाचा निकाल आहे."

म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही ठरवून हा विषय घेतला आहे. आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. लस घ्यावी, मुलांना तर द्यावीच द्यावी. पण लसीच्या नावाखाली कुणाचे रेशन, मजुरी, प्रवास अडवण्याला आमचा विरोध आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणता येतात. किंबहुना आपल्या समाजाने त्या एकत्रच म्हटल्या पाहिजेत. कारण आपल्याला कधी विचारले गेले नाही आणि कधी वेळेवर दिलेही गेले नाही. दोन्हीचे मूळ एकच आहे: आपल्याला माणूस म्हणून मोजले गेले नाही.

कोर्टाने नेमके काय म्हटले?

डॉ. जेकब पुलियेल हे बालरोगतज्ज्ञ. लसीकरणाबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय समितीवर त्यांनी पूर्वी काम केलेले. ते कोविड लसीच्या सक्तीविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले. २ मे २०२२ रोजी निकाल लागला. निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक होते एल. नागेश्वर राव आणि दुसरे भूषण गवई. हो, आपले अमरावतीचे, दादासाहेब गवईंचे चिरंजीव, जे पुढे मे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले.

निकालाचा गाभा असा. पहिली गोष्ट, कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. आपल्या शरीरावर आपला अधिकार आहे आणि तो संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात येतो. दुसरी गोष्ट, साथ पसरू नये म्हणून सरकार काही बंधने घालू शकते, पण ती कारणाला धरून आणि गरजेपुरती असली पाहिजेत. तिसरी गोष्ट, लस न घेतलेल्यांवर राज्यांनी त्या वेळी घातलेली बंधने या कसोटीला उतरत नव्हती. लस न घेतलेल्या माणसाकडून लस घेतलेल्यापेक्षा जास्त प्रसार होतो, हे दाखवणारी माहिती सरकारांनी कोर्टापुढे ठेवली नव्हती. चौथी गोष्ट, सरकारचे लसीकरणाचे धोरण कोर्टाने चुकीचे ठरवले नाही. आणि पाचवी, लसीनंतर कुणाला त्रास झाला तर त्याची नोंद करण्याची सोय सामान्य माणसाला मिळावी आणि ती माहिती लोकांपुढे यावी, असे कोर्टाने बजावले.

यात "लस घ्यायची गरज नाही" हे वाक्य कुठेही नाही. शिवाय निकाल कोविडच्या लसीबद्दल आणि त्या वेळच्या परिस्थितीबद्दल होता. बाळाच्या गोवर, पोलिओ, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीबद्दल तो नव्हता. व्हॉट्सॲपवर पहिली ओळ तेवढी फिरली, बाकीच्या ओळी गळून पडल्या. गळलेल्या ओळींत आपल्या कामाचे बरेच होते.

मे महिन्यात मोबाईल नाही, नोव्हेंबरात रेशन नाही

सक्तीविरुद्ध शहरात जी आंदोलने झाली, त्यांत आपले लोक फारसे दिसले नाहीत. पण सक्तीचा मार कुणाला बसला ते आठवून पाहा.

१ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी लस खुली झाली. पण आधी कोविन ॲपवर नाव नोंदवायचे, मग तारीख मिळवायची. सकाळी स्लॉट उघडायचा आणि डोळ्यांचे पाते लवायच्या आत भरून जायचा. ज्याच्याकडे चांगला फोन आणि रेंज, त्याला लस. शहरातली माणसे गाड्या घेऊन खेड्यांतल्या केंद्रांवर यायची आणि गावातली माणसे बाहेर उभी राहून बघायची. खाजगी दवाखान्यात कोविशिल्डचा दर ७८० रुपये ठरला होता. म्हणजे बाईची दोन-तीन दिवसांची मजुरी. मोबाईल नसलेल्यांनी काय करायचे, हा प्रश्न सुप्रीम कोर्टाने ३१ मे २०२१ ला सरकारला विचारला. २१ जूनपासून सर्व प्रौढांना मोफत आणि थेट केंद्रावर लस मिळू लागली. तोपर्यंत दुसऱ्या लाटेने वस्त्यावस्त्यांतून माणसे नेली होती.

आता त्याच वर्षाचा उत्तरार्ध पाहा. १५ ऑगस्टपासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन डोस झालेल्यांनाच प्रवेश. म्हणजे जिला स्लॉट मिळाला नाही, त्या धुणीभांडी करणाऱ्या बाईचा कामावर जायचा रस्ता बंद. नोव्हेंबरात औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला: किमान एक डोस झाला असेल तरच रेशन, गॅस आणि पेट्रोल. त्याच महिन्यात ठाणे महापालिकेने डोस न घेतलेल्या आपल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखण्याचे ठरवले. जिल्हा लसीकरणात मागे आहे, आकडा वाढला पाहिजे, हे कारण. आकडा वाढवण्याची घाई आम्ही समजू शकतो. दवाखान्यात आकड्यांचा ताण काय असतो ते आम्हाला ठाऊक आहे. पण रेशन ही कुणाची मेहेरबानी नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला तो हक्क आहे. पेट्रोल नाही मिळाले तर साहेबाची गाडी थांबते. रेशन नाही मिळाले तर आपली चूल थांबते. आदेश एकच, पण शिक्षा सारखी नाही.

थोडक्यात, मे महिन्यात मोबाईल नाही म्हणून लस नाही आणि नोव्हेंबरात लस नाही म्हणून रेशन नाही. ज्यांनी आधी दारे बंद ठेवली, त्यांनीच नंतर "आत का आला नाहीत" म्हणून दंड लावला.

मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये लोकलबंदीचे आदेश कायद्याला धरून काढलेले नव्हते असे सुनावले. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये लसीनंतर दोन मुली दगावल्याच्या प्रकरणात केंद्र सरकारने सुप्रीम कोर्टात प्रतिज्ञापत्र दिले. त्यात म्हटले की लस घेण्याची कायदेशीर सक्ती नव्हतीच, म्हणून दुष्परिणामाची जबाबदारी सरकारवर टाकता येणार नाही, भरपाई हवी असेल तर दिवाणी कोर्टात जावे. रेशन दुकानाच्या दारातून परत पाठवलेल्या आजीला हे कुणी समजावून सांगावे? घेताना सक्ती आणि जबाबदारीची वेळ आली की मर्जी!

सरकारचा दंड, आपले अंग

हे काही नवीन नाही. हिंदुस्थानातली देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. त्या काळी बाटलीतली लस नव्हती. एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातले पाणी घेऊन दुसऱ्याच्या दंडात घालायचे. अशी ही साखळी. पुष्कळदा ज्या मुलांच्या दंडातून हे पाणी काढले जाई ती गोरगरीब, खालच्या मानलेल्या जातींची असत आणि वरच्या जातींचे लोक विटाळाच्या भीतीने ती लस घ्यायला नकार देत. म्हणजे लसीवरचा जो आक्षेप तेव्हा जोरात ऐकू आला तो शरीराच्या स्वातंत्र्याचा कमी आणि जातीच्या सोवळ्याचा जास्त होता. ज्या पोराच्या दंडातून पाणी काढले, त्याला किंवा त्याच्या आईला कुणी विचारले का, याची कुणाला फिकीर नव्हती.

१८९७ साली प्लेगच्या वेळी साथरोग कायदा आला. छोटासा कायदा. त्यात सरकारचे अधिकार आहेत, रुग्णाचे हक्क नाहीत. त्याच्या जोरावर पुण्यात रँडच्या समितीने गोऱ्या शिपायांकरवी घराघरांत घुसून झडत्या घेतल्या, माणसे उचलून नेली. लोकांचा राग इतका अनावर झाला की २२ जून १८९७ ला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. हा इतिहास शाळेत शिकवतात. पण त्याच वर्षी त्याच पुण्यात प्लेगशी लढण्याची दुसरीही एक रीत होती, ती आपण विसरता कामा नये. सावित्रीमाईंनी आणि डॉ. यशवंतरावांनी हडपसरजवळ सासाणे मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातून पांडुरंग बाबाजी गायकवाड यांचे आजारी पोर सावित्रीमाईंनी स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. शिपाई घेऊन घरात शिरणे ही एक पद्धत आणि रुग्णाला पाठीवर घेणे ही दुसरी. सार्वजनिक आरोग्य म्हणजे यांतली कोणती, हे आपल्याला निवडायचे आहे.

२०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात लागू झाला तो हाच १८९७ चा कायदा. आणि मधल्या काळात १९७६ चे वर्षही येऊन गेले. आणीबाणीत आपल्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. आजही वस्तीतली म्हातारी माणसे सरकारी गाडी आली की सावध होतात, ते उगाच नाही. या भीतीला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी आधी हा इतिहास वाचावा.

सुप्याने शिकवलेला धडा

आपल्या सुप्याचे नाव इतिहासात आहे. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले. दख्खनचे दंगे म्हणतात ते इथून सुरू झाले. लोकांचा सगळा राग होता कागदांवर. कर्जरोखे बाहेर काढले आणि जाळले. कारण त्या रोख्यांवर अंगठे त्यांचे होते, पण आत काय लिहिले आहे ते त्यांना कधी वाचून दाखवलेले नव्हते. त्यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला आणि कर्जरोखा गावपातळीवरच्या रजिस्ट्रारसमोर लिहिला जावा असा नियम झाला. म्हणजे नुसत्या अंगठ्याला संमती म्हणता येत नाही, हे दीडशे वर्षांपूर्वी सुप्याच्या रयतेने इंग्रज सरकारला पटवून दिले.

दवाखान्यातला संमतीचा कागद वेगळा नसतो. न वाचता, न समजावता घेतलेली सही ही सावकाराच्या रोख्यावरच्या अंगठ्यासारखीच आहे.

याचे फार जवळचे उदाहरण आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची, म्हणजे एचपीव्हीची लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्ममच्या मुलींपैकी अनेक जणी आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. कित्येक फॉर्मवर पालकांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. प्रकल्पाच्या काळात सात मुली वारल्या. सरकारी चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण संमती ज्या रीतीने घेतली गेली त्यावर संसदेच्या समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले. एप्रिल २०१० मध्येच प्रकल्प थांबवावा लागला होता.

यातून काय शिकायचे? ती लस वाईट नव्हती. ती जगभर कॅन्सर टाळते आहे. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही ती बनते. आपल्या वस्तीतल्या किती बायका गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने शेवटच्या टप्प्यावर दवाखान्यात येतात, ते आम्ही वॉर्डात पाहिले आहे. पण आईबापांना न विचारता टोचल्यामुळे त्या चांगल्या लसीवर संशयाचे सावट आले आणि गरीब मुलींपर्यंत ती पोचायला पुढे कितीतरी वर्षे लागली. पैसेवाल्यांच्या मुलींना ती खाजगी दवाखान्यात मिळतच राहिली. न विचारण्याची किंमत शेवटी आपल्याच मुलींनी मोजली.

आणि आता स्वातंत्र्यवाल्यांना

सक्तीला आम्ही विरोध केला म्हणून लसविरोधकांनी आम्हाला आपल्यात धरू नये. त्यांनाही चार गोष्टी सांगायच्या आहेत.

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांमध्ये गोवर पसरला. भिवंडी, मालेगावातही पसरला. एकाच खोलीत आठ-दहा माणसे, हवा नाही, मुलांच्या अंगात रक्त नाही. मुले दगावली. त्यांतल्या बहुतेकांना लस मिळालेली नव्हती. वैद्यकीय स्वातंत्र्याचा गजर जिथे सर्वांत मोठा आहे त्या अमेरिकेत, टेक्सास राज्यात, २०२५ मध्ये गोवराने लस न घेतलेली दोन शाळकरी मुले गेली. तिथे तर अद्ययावत दवाखाने होते.

गोवर म्हणजे अंगावर पुरळ आणि चार दिवस ताप एवढेच समजू नका. त्यातून न्यूमोनिया होतो, जुलाब होतात, डोळे जातात, मेंदूला सूज येते. "आई आली" म्हणून कडुलिंबाचा पाला दाराला बांधून तो जात नाही आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तर असला प्रकार शोभतही नाही. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावर दोन तासांपर्यंत गोवराचे विषाणू हवेत राहू शकतात. संपर्कात आलेल्या, लस न घेतलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना तो होतो. तो थांबवायचा तर शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. सहा महिन्यांच्या तान्ह्याला एरवी ती लस देत नाहीत. त्याचे रक्षण आजूबाजूच्या मुलांच्या लसीनेच होते. म्हणजे "माझ्या पोराला द्यायची की नाही ते मी ठरवणार" असे म्हणताना आपण शेजारणीच्या तान्ह्याचेही ठरवत असतो.

दुसरे असे की, मोठ्या माणसाचे शरीर त्याचे स्वतःचे. पण मूल ही बापाची इस्टेट नाही. त्याला त्याचा जगण्याचा हक्क आहे. बंगल्यातल्या मुलाला लस नसेल आणि गोवर झाला तर गाडी दारात आहे, आयसीयू आहे. सुप्याच्या माळावर किंवा उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या मुलाला काय आहे? स्वातंत्र्याची घोषणा दोघांची एकच असली, तरी तिचे बिल एकाच घरी येते.

तिसरे, भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. काही लसविरोधक हल्ली हा उपदेश आपल्याला ऐकवतात. पण पारखणे सरकारी जाहिरातीला लागू आहे तसे व्हॉट्सॲपच्या संदेशालाही आहे. एप्रिल २०२४ मध्ये बातमी आली की ॲस्ट्राझेनेका कंपनीने इंग्लंडच्या कोर्टात कबूल केले, त्यांच्या कोविड लसीने फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. कोविशिल्ड हीच ती लस. बातमी खरी होती. पण हा त्रास लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो. २०२१ मध्ये घेतलेल्या डोसाने आज गुठळी होईल, ही भीती खोटी. तरीही कितीतरी घरांत रात्रीच्या झोपा उडाल्या. खरी बातमी आणि खोटी भीती वेगळी करणे, हेच पारखणे.

मग सक्ती का नको?

कुणी विचारेल, गोवर इतका वाईट असेल तर करा ना कायदा. यावर आमचे उत्तर कामातून आलेले आहे. आमच्या भागात ज्या मुलांचे डोस राहिलेले सापडतात, त्यांचे आईबाप बहुधा लसविरोधक नसतात. कारखाने सुरू झाले की बीडकडून, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरकडे येतात, पोरे फडात असतात. वीटभट्टीवरचे कुटुंब दर काही महिन्यांनी जागा बदलते. चिंच फोडायला किंवा खुरपणीला जाणाऱ्या बाईला लसीच्या दिवशी घरी राहायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते. कुणाच्या बाळाला पहिल्या पेंटाव्हॅलंटनंतर रात्रभर ताप आला आणि "ताप येणार" हे कुणी सांगितलेलेच नव्हते, म्हणून आई पुन्हा गेली नाही. यातल्या एकाही अडचणीवर दंडाची पावती हा उपाय नाही. संध्याकाळचे सत्र, फडावर जाणारी नर्स आणि पाच मिनिटांचे बोलणे हा उपाय आहे.

देशाने हे करून दाखवले आहे. पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले. डोस न पाजणाऱ्याला शिक्षा करणारा कायदा त्यासाठी करावा लागला नाही. आशाताया, अंगणवाडीताया, नर्सबाया दारोदार, एसटी स्टँडवर, वीटभट्टीवर गेल्या. हे झाले चालून चालून झिजलेल्या चपलांवर.

आणि चूक झाली तर ती लपवू नये. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात बारा मुलांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुले वाचली. अशा घटना घडतात म्हणूनच "बाटली दाखवा" म्हणण्याचा हक्क आईला हवा. विचारणारी आई लसविरोधी नसते, ती जागी असते.

सक्ती कुठेच नको, असे मात्र आम्ही म्हणत नाही. नवजात बाळांच्या वॉर्डात, कॅन्सरच्या वॉर्डात काम करणाऱ्या नर्सने, डॉक्टरने आवश्यक लसी घेतलेल्या असाव्यात, हा नियम आम्हाला मान्य आहे. कारण आम्ही ते काम स्वतः पत्करलेले असते आणि रुग्णाला तिथून उठून जाता येत नाही. नियम जिच्या हातात सुई आहे तिच्यावर आधी असावा, जिच्या हातात रेशन कार्ड आहे तिच्यावर नव्हे.

विचारा आणि घ्या

लस देणाऱ्या प्रत्येक नर्सला प्रशिक्षणात शिकवलेले असते की आईला चार गोष्टी सांगायच्याच. त्या तुम्ही पाठ करा आणि सांगितल्या नाहीत तर विचारा.

एक, आज कोणती लस दिली आणि ती कोणत्या आजारासाठी? दोन, त्यानंतर काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचे? तीन, पुढच्या लसीसाठी कधी आणि कुठे यायचे? चार, कार्ड जपून ठेवायचे आणि पुढच्या वेळी घेऊन यायचे.

लस टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. अंगावर एकदम गांधी उठल्या, श्वास लागला, बाळ निपचित पडले तर नर्सला लगेच सांगा. घरी गेल्यावर असे झाले तर १०८ ला फोन करा. थोडा ताप, टोचल्या जागी सूज, किरकिर हे चालते, दोन-तीन दिवसांत जाते. तापाचे औषध किती द्यायचे ते केंद्रावरच विचारून घ्या. साधी सर्दी, किरकोळ खोकला आहे म्हणून लस चुकवू नका. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. वेळ टळली असली तरी केंद्रावर जा, राहिलेले डोस देता येतात. सगळे सरकारी केंद्रात मोफत आहे.

सुपे आणि आसपासच्या ग्रामपंचायतींकडे, आरोग्य खात्याकडे आमच्या मागण्या सरळ आहेत. महिन्यातले एक सत्र मजुरी संपल्यानंतरच्या वेळेत घ्या. ऊसतोडीच्या हंगामात फडावर आणि वीटभट्टीवर जा. संमतीचा कागद मराठीत असू द्या आणि तो वाचून दाखवा. लसीनंतर त्रास झाल्याची तक्रार आली तर घरच्यांना लेखी उत्तर द्या. खरोखर नुकसान झाले तर भरपाईसाठी गरिबाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावू नका. आणि पुन्हा कधी साथ आली तर रेशन, पेन्शन, रोजगार हमीच्या कामाला लसीची अट लावणार नाही, असा ठराव ग्रामसभेत आत्ताच करा.

बाबासाहेब १९२७ मध्ये चवदार तळ्यावर गेले. तळे सार्वजनिक होते, सरकारी पैशावर चालणारे होते, कायद्याने सर्वांना खुले होते, फक्त आपल्याला तिथे पोचू दिले जात नव्हते. लसही तसाच सार्वजनिक पाणवठा आहे. त्यासाठी कर आपणही भरतो. तिथपर्यंत आपली वाट मोकळी असली पाहिजे, पाणी स्वच्छ असले पाहिजे, आणि कुणी मानगूट धरून तोंड पाण्यात बुडवता कामा नये. पण तळे आपले झाल्यावर त्याच्याकडे पाठ फिरवून तहानलेले राहण्यात कसला आला स्वाभिमान?

येत्या पौर्णिमेला विहारात येताना घरातल्या पाच वर्षांखालच्या मुलांची लसीकरण कार्डे सोबत आणा. वंदना झाल्यावर आम्ही बसणार आहोत. कुणाचा कोणता डोस राहिला ते बघू, मनात शंका असेल ती तिथेच मोकळेपणाने विचारा. आणि तो व्हॉट्सॲपचा संदेशही घेऊन या. सगळे मिळून शेवटच्या ओळीपर्यंत वाचू.

जय भीम. नमो बुद्धाय.